खिळे घासून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

लेख प्रसिद्ध होऊन बरेच दिवस झाले, तरी तुमचे आभार नीट मानायचे राहिलेच आहेत. फोनवर बोलायला लागले की माझा गळा दाटतो, आणि तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

मराठी अक्षरं, मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या, जुने छापखाने यांवर आम्ही दोघी मैत्रिणी ऑनलाइन नियतकालिक चालवतो. पाठीशी संस्था नाही की जाहिरातदार नाही, नोकऱ्या सांभाळून रात्री जागायचं. 'ल' या एका अक्षरावर लेख करायचा ठरलं, तेव्हा पाकळीचा ल (दोन पाकळ्यांसारखा) आणि दंडाचा ल (उजवीकडे उभी रेघ असलेला), दोन्हींचे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईसाठी ओतलेली सुटी अक्षरं, शेजारी ठेवून दाखवायचे होते. शासनाने 2009 साली मराठीसाठी पाकळीचा ल प्रमाण ठरवला, तरी फोनवर आणि संगणकावर आजही कितीतरी ठिकाणी दंडाचाच उमटतो. तो फरक वाचकाच्या डोळ्यांत भरायला हवा होता.

जुन्या खिळ्यांचा मोठा साठा असलेल्या एका संस्थेत आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पहिला प्रश्न नेहमी तोच: "तुम्ही कुणाकडून आलात?" कुणाकडूनच नाही म्हटल्यावर तिथल्या साहेबांचं लक्ष पुन्हा फायलीत. ज्या शहरांतल्या छापखान्यांनी मराठी वाचायला शिकवलं, ज्या मुंबईत जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथला टाइप देशभर नावाजला गेला, तिथे एक खिळा बघायला वशिला लागावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र काहीच विचारलं नाहीत. "रविवारी या, उजेड चांगला असतो," एवढंच म्हणालात.

खिळे न लागणारी ऑफसेट छपाई आली, प्रेस बंद झाला, केसच्या केस (कप्प्यांचे खणच्या खण) खिळे भंगारात किलोवर गेले. त्यातले मूठभर तुम्ही बिस्किटाच्या डब्यात जपलेत. ते टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेले होते, नुकतेच ओतल्यासारखे लखलखीत. मला वाटलं, तुमच्याकडे ते कायम असेच असतात. निघताना जिन्यात सूनबाईंनी सांगितलं, "बाबा काल रात्री उशिरापर्यंत रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले होते. फोटोत अक्षराचा चेहरा स्वच्छ आला पाहिजे म्हणत होते."

काका, तुमची बोटं आता नीट वळत नाहीत. त्या बोटांनी तुम्ही एकेका खिळ्याच्या कोपऱ्यातली, पाकळीच्या पोटातली वाळलेली शाई काढलीत. आम्हाला त्यातलं काही सांगितलंही नाहीत. आमच्या कामाला आजवर 'छंद' म्हणणारे भेटले, 'यातून मिळतं काय' विचारणारे भेटले, आमचे फोटो न विचारता उचलून स्वतःच्या नावावर लावणारे मोठे लोकही भेटले. आम्ही येणार म्हणून आदल्या रात्री तयारी करणारे तुम्ही पहिले. रिक्षात बसल्यावर मी रडले, हे तुम्हाला ठाऊक नाही.

कंपोझिटरचं, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणाऱ्याचं, नाव पुस्तकावर सहसा छापलं जात नसे. उलटं अक्षर वाचत, काना-मात्रा-रफार जुळवत तुमच्यासारख्यांनी दुसऱ्यांची नावं सुबक उभी केली. काम समोरच्यापर्यंत स्वच्छ पोचावं, हा ध्यास तुमच्या पिढीत किती सहज होता! भल्या माणसांचं भलेपण असंच असतं, ते गाजावाजा करत नाही. वशिला विचारणाऱ्यांच्या खुर्च्या मोठ्या असतील, पण हे काम टिकलंय तुमच्यासारख्यांच्या जिवावर.

फोटोंच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आहेत, रविवारी घेऊन येते. पुढचा लेख रफारावर आहे, तेव्हा बरंच विचारायचंय. आणि या वेळी खिळे घासायचे असतील, तर आम्ही दोघी आल्यावरच रॉकेलची बाटली काढा.

तुमची,
'ल'च्या लेखाची लेखिका