गुरूवर जमीनच नाही

मा. संपादक, स.न.

मागच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, पुतणीनं ग्रहमाला केली होती म्हणून बघायला गेलो. परीक्षक सरांनी तिला विचारलं की गुरूच्या जमिनीवर माणूस उभा राहिला तर वजन किती भरेल, ती म्हणाली सर तिथं जमीनच नाही, तर मार्क कापले. पोरगी रडत घरी आली. बरोबर तीच होती, म्हणून हे पत्र.

आपल्याकडं विहीर खांदली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो, सुरुंग लावल्याशिवाय फुटत नाही. तो बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय. चंद्रावरचे काळे डाग पण बेसॉल्टचेच, मंगळावर पण तोच भरपूर. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, या चौघांवर पाय टेकायला खडक आहे.

गुरूवर वर अमोनियाचे ढग, खाली हायड्रोजन आणि हेलियम, जितकं खाली जावं तितका दाब वाढत जातो आणि वायू दाट होत होत द्रवासारखा होतो, इथं हवा संपली आणि इथून जमीन अशी रेघच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी पॅराशूटनं आत उतरली, जवळपास तासभर माहिती पाठवत दीडशे किलोमीटरच्या आसपास गेली आणि बंद पडली, टेकली कशालाच नाही. आपला बोअर कोरडा गेला तरी खडक तरी लागतो. आता हिशोबासाठी शास्त्रज्ञ जिथं दाब आपल्या हवेएवढा आहे ती पातळी धरतात, तिथं वजन अडीचपट भरतं हे मान्य, पण ती फक्त मानलेली पातळी, उभं राहायची जागा नाही.

आणि लोणार तर जालन्याहून किती लांब आहे हो? सहल जाते, फोटो काढून परत येते. फार पूर्वी अशनी पडून झालेला पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, अजून तिथंच आहे, कारण तो खडकात पडलाय. १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, पृथ्वीएवढाले काळे डाग पडले आणि काही महिन्यांत विरून गेले. खड्डा एक पण नाही. लोणारच्या काठावर उभं करून एवढं जरी सांगितलं तरी पोरं जन्मात विसरणार नाहीत.

त्या शाळेनं मार्क वाढवले नाही तरी चालेल, पण पोरगी बरोबर बोलली होती हे एकदा वर्गात सगळ्यांसमोर सांगावं, एवढीच विनंती.

एक वाचक, जि. जालना