ट्रेडमिलला साधा एक्स्टेंशन बोर्ड नको

महोदय,

पावसाळ्यात बाहेर चालायला जाणे बंद पडले की घरोघरी ट्रेडमिल येते. ती ठेवायला जागा मिळते गॅलरीशेजारी आणि १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट असतो गीझर किंवा वॉशिंग मशीनजवळ. मग टीव्हीमागचा एक्स्टेंशन बोर्ड ओढला जातो. ट्रेडमिलची जाड पिन त्यात बसत नाही, म्हणून कन्व्हर्टर प्लग आणतात. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणूनच तर ती पिन जाड केलेली असते!

२ एचपीची मोटर म्हणजे सुमारे १५०० वॅट, २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. वजनदार माणूस चालत असेल किंवा ट्रेडमिलचा पट्टा कोरडा पडून घासत असेल, तर विजेचा प्रवाह १० अँपिअरपर्यंतही जातो. स्वस्त बोर्डाची वायर बहुधा ०.५ किंवा ०.७५ चौ. मिमीची. ०.७५ची ५ मीटर वायर १० अँपिअरला साधारण २६ वॅट उष्णता सोडते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. वेटोळे करून गाठ मारलेली किंवा गालिच्याखाली दाबलेली असेल तर तिथेच साठते, आणि आवरण मऊ होऊन वितळू लागते.

‘एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडेल की’ हा भरवसा इथे चुकीचा आहे. १६ अँपिअरचा एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी असतो. १० अँपिअरला तो पडणार नाही, बोर्डाची वायर जळत असली तरीही.

ट्रेडमिल थेट पॉवर सॉकेटलाच लावावी. जवळ सॉकेट नसेल तर वायरमनकडून डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) २.५ चौ. मिमीची स्वतंत्र लाइन अर्थिंगसह ओढून घ्यावी. तोवर निभवायचेच असेल तर १.५ चौ. मिमीची, तीन तारांची तांब्याची वायर, दोन्ही टोकांना १६ अँपिअरची पिन व सॉकेट, लांबी गरजेपुरतीच. आणि त्यावर दुसरे काही लावायचे नाही. दोन तारांची, म्हणजे अर्थिंगची तार नसलेली, वायर कधीच नको. घामाने ओल्या अंगाला अर्थिंग नसलेल्या लोखंडी सांगाड्याचा शॉक जीवघेणा ठरू शकतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) शॉकपासून वाचवतो, वायर तापणे मात्र त्याला कळत नाही.

वीस मिनिटे चालून झाल्यावर स्विच बंद करून पिन काढावी व तिला हात लावून पाहावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल किंवा सॉकेटवर तपकिरी डाग दिसत असेल, तर आतली पकड ढिली झाली आहे. तो सॉकेट बदलावा. नुसती पिन बदलून भागत नाही. पट्ट्याला माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सिलिकॉन तेल द्यावे.

विक्रेत्यांनाही विनंती, की यंत्र घरी पोहोचवण्याआधी ग्राहकाला एवढे जरूर विचारावे : जिथे ठेवणार तिथे पॉवर सॉकेट आहे का?

– एक वायरमन, ठाणे