सायलीस पत्र

चिंचवड

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, सोसायटी फॉर एक्स्परिमेंटल मेकॅनिक्सचे, म्हणजे वस्तूंवरचा ताण प्रयोगानं मोजणाऱ्यांच्या संस्थेचे, पुरस्कार बघत होते. एक झांडमन यांच्या नावाचा आहे. पण आमच्यासारख्यांना कोण विचारतंय? आम्ही सिद्धांत मांडत नाही, नुसती ताण मोजायची पद्धत सुधारतोय." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. तो 'नुसती' मात्र डोक्यातून जाईना.

बावीस वर्षं मी स्ट्रेन गेज चिकटवले, म्हणजे वस्तू किती ताणली गेली ते मोजणाऱ्या, तारेची बारीक जाळी असलेल्या पट्ट्या. पॉलिश पेपर, ॲसिटोनचा बोळा, सेलोटेपवर उचललेला गेज, एक थेंब चिकटद्रव्य आणि मग मिनिटभर अंगठा दाबून धरायचा. मीटरभर सळई एक मिलिमीटर ताणली, तर १२० ओहमच्या गेजचा विद्युतरोध जेमतेम पाव ओहमनं बदलतो. तेवढ्यावरून लोखंडाच्या पोटात काय चाललंय ते आम्ही सांगायचो.

त्या गेजच्या पाकिटावर 'विशे' असं लिहिलेलं असायचं. मला ते कुणा मालकाचं आडनाव वाटे. निवृत्तीनंतर वाचलं, तेव्हा कळलं की ते लिथुआनियातलं एक गाव. फेलिक्स झांडमन यांचे नातलग तिथले, आणि युद्धात ज्यूंच्या कत्तलीत ते मारले गेले. १९६२ साली कंपनी काढली तेव्हा झांडमननी तिला त्या गावाचं नाव दिलं.

ते स्वतः ग्रोद्नोचे. तेव्हा ते गाव पोलंडात होतं. घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, निसटले तेव्हा वय पंधराच्या आसपास. पुखाल्स्की नावाच्या कुटुंबानं आपल्या घराच्या जमिनीखालच्या खड्ड्यात त्यांना लपवलं. सतरा महिने. उभं राहता येत नव्हतं, उजेड नव्हता. सोबतच्या सेंडरमामांनी त्या काळोखात पोराला गणित शिकवलं. कागद नाही, पेन्सिल नाही. त्रिकोण मनातच काढायचा, बाजू लक्षात ठेवायच्या, उत्तर कुजबुजून सांगायचं. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला होता, सायली. तू दहावीला असताना दिवे गेले की वही मिटायचीस, ते आठवलं.

याच मुलानं पुढे फ्रान्समध्ये शिकून, जो ताण डोळ्यांना दिसत नाही तो दिसायची युक्ती काढली. पारदर्शक वस्तूत ताण आला की पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात रंगाचे पट्टे उमटतात, हे शास्त्रज्ञ ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं. पण त्यासाठी भागाची पारदर्शक प्रतिकृती करावी लागे. झांडमननी खऱ्या धातूच्या भागावरच तसा पातळ थर चिकटवला आणि भार दिला. मग रंग त्या भागावरच दिसू लागले.

याची किंमत मला कशी कळली, ते तुला कधी सांगितलेलं नाही. एका कारखान्याचा ब्रॅकेट आमच्याकडे आला होता. ड्रॉइंग बघून मी सात गेज लावले. आकडे स्वच्छ आले, अहवाल गेला. पुढे गाडीवर तो ब्रॅकेट तडकला, आणि तडा होता माझ्या चौथ्या गेजपासून दोन बोटांवर. गेज खोटं बोलला नव्हता. तो जिथे होता तिथलंच सांगत होता. मी चुकीच्या जागी विचारलं होतं. नंतर तशाच भागावर थर देऊन, भार टाकून आम्ही तो पोलराइज्ड प्रकाशात धरला, तर सगळे पट्टे दाटीवाटीनं नेमके त्या कोपऱ्यात. आधी हे पाहिलं असतं तर! मला कुणी बोललं नाही, पण मी आठवडाभर नीट जेवले नाही.

म्हणून ते 'नुसती' मला मान्य नाही. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात सिमन्स आणि एमआयटीत रूज, या दोघा अभियंत्यांना स्वतंत्रपणे सुचलं की बारीक तार वस्तूला चिकटवून ताण मोजता येईल. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं, ते प्रतिकृतींवर तपासत होते. त्यांनीही सिद्धांत मांडला नव्हता, आणि त्या तारेवर आपलं घर चाललं. तुमच्या सोसायटीचा लाझन पुरस्कार तर प्रायोगिक मेकॅनिक्समधल्या अस्सल तांत्रिक योगदानासाठीच आहे. तुमच्या कामाला तो उद्या मिळेल, असं मी म्हणत नाही. ती चिंता तू करूच नकोस. पण तुझ्या पद्धतीनं उद्या कुणाला तरी तो कोपरा आधी दिसेल. हे काम तुला लहान वाटू नये, एवढंच मागणं आहे.

जमलं तर तुमच्या ताणाच्या पट्ट्यांचा एक फोटो पाठव, रंगीत. बाबांनाही दाखवायचाय.

पार्सलमध्ये मेतकूट आहे आणि माझा जुना चिमटा. त्याचं एक टोक जरासं वाकलंय. गेज त्याच टोकानं, डावीकडून उचल, म्हणजे जाळीला धक्का लागत नाही.

तुझी,
आई