लहान मुलांना डावपेच कळतात, फक्त खेळाचे नियम थोडे कमी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या बैठ्या खेळांवर लेख आला होता. विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मे महिन्यात दुपारभर मुलांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं हा प्रश्न घरोघरी आहे. पण त्यात असं म्हटलंय की दहा वर्षांपर्यंत मुलांना सापशिडी नाहीतर लुडोच द्यावा, डोकं लावायचे खेळ त्यांना झेपत नाहीत. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा अकराचा, घरात सासूबाई आहेत, आणि जेवणं झाली की आमच्याकडे पट मांडला जातोच.

सापशिडी मजेची आहे, पण तिच्यात मूल काही ठरवतच नाही. फासा पडेल तितकी घरं सोंगटी सरकवायची, वर गेलो तर नशीब आणि खाली आलो तरी नशीब. सात वर्षांच्या मुलाला दोन गोष्टींतून एक निवडता येते आणि निवडलेलं चुकलं तर पुढच्या वेळी वेगळं करून बघताही येतं. त्याला झेपत नाही ते वेगळंच असतं, म्हणजे हातात आठ-नऊ पत्ते धरून ठेवणं, शेवटी बसून गुणांच्या बेरजा करणं, मोठ्यांशी घासाघीस करणं, आणि अर्ध्या तासात जमवलेलं एका फटक्यात जाताना बघणं. एवढं काढून टाकलं तर बाकीचा खेळ ते मोठ्यांच्या बरोबरीने खेळतं.

मोठ्यांचे गाजलेले खेळ मुलांसाठी वेगळे काढताना जर्मनीतल्या आणि इतर ठिकाणच्या लोकांनी नेमकं हेच केलंय. कटान हा क्लाउस टॉयबर यांचा, बेटावर माल गोळा करत घरं वसवायचा खेळ 1995 सालचा, त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्याच्या ज्युनियर डब्यात दोनऐवजी एकच फासा आहे, खेळाडूंनी एकमेकांशी सौदे करायचे नाहीत, बाजारातून अदलाबदल करायची, आणि गुण मोजायची भानगड नाही, समुद्री चाच्यांचे सात अड्डे जो आधी बांधेल तो जिंकला. पण पुढचा अड्डा कुठे बांधायचा, लाकूड आत्ता खर्च करायचं की राखून ठेवायचं, हे मुलालाच ठरवावं लागतं. रेल्वेचे रूळ जोडायचा तो टिकेट टू राईड 2004 चा. मोठ्यांच्या खेळात तिकीट, म्हणजे ठरलेली दोन शहरं जोडायचं काम, अपुरं राहिलं की गुण कापले जातात, आणि 2016 साली आलेल्या मुलांच्या आवृत्तीत नुसती सहा तिकिटं पूर्ण करायची, त्यावर शहरांची चित्रं आहेत त्यामुळे वाचता न येणारं मूलही खेळू शकतं. कार्कासोन या तुकड्याला तुकडा जोडत नकाशा बनवायच्या खेळाच्या लहान मुलांच्या डब्यात तर कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जुळतो, चार वर्षांच्या मुलाचंही अडत नाही. त्या पुरस्कारवाल्यांनी मुलांच्या खेळांसाठी 2001 पासून वेगळा पुरस्कार ठेवलाय, म्हणजे तिकडे हा विषय केवढा गंभीरपणे घेतात बघा.

अर्थात हे डबे स्वस्त नाहीत, आणि ज्युनियर डबा वेगळा घ्यायलाच हवा असंही नाही. घरात मोठ्यांचा कटान असेल तर तोच थोडा सोपा करता येतो. आम्ही पत्ते हातात धरायच्या ऐवजी सगळ्यांचे समोर उघडे ठेवले. सुरुवातीच्या डावांत सात पडले की येऊन माल अडवणारा चोर बाजूलाच ठेवला, सात पडले तर फासे परत टाकायचे. आणि दहाऐवजी सात गुणांवर डाव संपवला, म्हणजे झोपेच्या वेळेआधी आटपतो. त्या खेळात पटावरच्या जमिनीच्या तुकड्यांवर आकडे असतात, तो आकडा फाशांवर पडला की तिथला माल मिळतो, आणि प्रत्येक आकड्याखाली बारीक ठिपके असतात, 6 आणि 8 लाल रंगात आणि त्यांच्याखाली पाच-पाच ठिपके, 2 आणि 12 खाली मात्र एकेकच. ते काय आहेत हे लेकीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दोन-तीन डाव नुसतं बघितलं आणि एकदा घर ठेवायच्या आधी तीन बाजूंचे ठिपके बोटाने मोजायला लागली, इथे नऊ आहेत आणि तिथे बारा, मी तिथे ठेवणार. दोन फाशांवर 6 पाच तऱ्हांनी पडतात आणि 2 फक्त एकाच तऱ्हेने, ठिपके तेच सांगतात, हे शाळेत शिकायला तिला अजून कितीतरी वर्षं आहेत पण घर कुठे ठेवायचं ते तिला कळलं.

व्यापार या खेळाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय, कारण तुमच्या लेखात त्याची शिफारस आहे. आम्हीही लहानपणी सुट्ट्याच्या सुट्ट्या त्यावर घालवल्यात. पण ज्याचे पैसे आधी संपतात तो डावातून बाहेर, आणि तो बहुतेक वेळा घरातलं धाकटं मूलच असतं, मग बाकीचे तासभर खेळतात आणि ते रडकुंडीला येऊन बघत बसतं. कटानमध्ये कुणी बाहेर जात नाही, फासा दुसऱ्याने टाकला तरी तुमच्या घरालगतचा आकडा पडला तर माल तुम्हालाही मिळतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही मूल डोळे लावून बसतं. लहानांसाठी खेळ निवडताना मी सगळ्यात आधी हे बघेन, की कुणाला मधेच डावातून उठावं लागतं का.

सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळही चांगले. फॉरबिडन आयलंड, 2010 चा, त्यात बेट बुडत असतं आणि चार खजिने घेऊन सगळ्यांनी मिळून निसटायचं, जिंकलो तर सगळे जिंकलो. पाणी किती वर आलेलं असताना सुरुवात करायची हे आपणच ठरवतो, त्यामुळे लहानांबरोबर सोप्यापासून सुरू करता येतं. फक्त अडचण अशी की मोठं माणूस सगळ्यांच्या चाली सांगत सुटतं, तू इकडे जा, तू हे दे, आणि मूल नुसतं हात हलवत राहतं. म्हणून ज्याची पाळी त्याने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही हा नियम आम्ही घरात केलाय, आणि तो मोठ्यांनाच जास्त जड जातो!

अजून एक, मुलं नाराज होतात म्हणून मुद्दाम हरू नका. मुलांना ते बरोबर कळतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच उघडपणे त्यांना सवलत द्या, बुद्धिबळात आपला वजीर आणि एक हत्ती काढून ठेवा, आणि मग मनापासून खेळा. आत्ता बुद्धिबळाची हवा आहे, नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 चा महिला विश्वचषक जिंकल्यावर तर पाच-पाच वर्षांची मुलं क्लासला जातायत, पण घरी सगळी मोहरी एकदम समोर ठेवली की मूल गोंधळतं. आधी नुसती प्यादी मांडा, ज्याचं प्यादं पलीकडच्या टोकाला आधी पोचेल तो जिंकला. तेवढ्यातही कुठलं प्यादं पुढे काढायचं आणि कुठलं अडवायला ठेवायचं याचा कस लागतो.

आणि यातलं बरंचसं आपल्या आज्या आधीपासून करतच होत्या. सासूबाई चल्लस-आठ खेळतात, 5 बाय 5 चा पट खडूने फरशीवर काढून, चार कवड्या घेऊन. त्यात समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. धाकटीबरोबर खेळताना त्यांनी हा नियम काढला आणि चारऐवजी दोनच सोंगट्या घेतल्या, बाकी मारामारी सगळी तशीच ठेवली. तिला लिंबूटिंबू म्हणून बसवलं नाही, तिची सोंगटी मारायची वेळ आली की त्या बिनदिक्कत मारतात, आणि तीही त्यांची मारते. आता तिसऱ्या सोंगटीची मागणी तिने स्वतःच केलीय.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. मे महिन्यात दर रविवारी मुलांच्या पानावर एक पट पूर्ण पान छापा. नवकंकरी छापा, 24 टिंबं आणि दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची, आणि शेजारीच छोट्यांसाठी एकाच चौकटीचा तीन-तीन सोंगट्यांचा पट द्या. वाघ-बकरी छापा, नेपाळमधल्या बाघ-चालमध्ये 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात, पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकतो. मूल बकऱ्यांच्या बाजूने खेळत असेल तर वाघाला सात माराव्या लागतील असं करा, लगेच डाव रंगतो. चल्लस-आठही येऊ दे. प्रत्येकाबरोबर नियम दहा-बारा ओळींत, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी काय बदलायचं ते खाली वेगळं. सोंगट्या म्हणून चिंचोके आणि हरभरे चालतात, खर्च शून्य.

आपल्या राज्यात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत, काहींचे बालविभागही आहेत. तिथे पुस्तकांसारखे चार-पाच चांगले खेळ घरी न्यायला मिळाले तर ज्यांना महागडे डबे परवडत नाहीत त्यांचीही सोय होईल. यावर तुमच्या वार्ताहरांनी चार ग्रंथपालांशी बोलून एखादी बातमी केली तर फार बरं होईल. आणि पट छापाल तेव्हा कृपया जाहिरात पाठच्या बाजूला गडद रंगात नको, रेषा फिक्या होतात आणि कागदावर सोंगट्या नीट दिसत नाहीत.

आपली एक नियमित वाचक,
नाशिक