मनूला पत्र: रात्री उडणाऱ्या त्या मुली

पुणे, रविवार

प्रिय मनू,

परवा फोनवर "लेकीने एनडीएचा फॉर्म भरलाय" एवढं म्हणालीस आणि मग कितीतरी वेळ गप्पच होतीस. शेवटी विचारलंस, "तू त्या रशियन मुलींबद्दल एवढं वाचतेस, त्यांना भीती वाटत नसेल का गं?" तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. रात्रभर तोच प्रश्न डोक्यात होता, म्हणून आज सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसलेय.

तुला झेन्याची गोष्ट सांगते. येवगेनिया रुदनेवा, दुसऱ्या महायुद्धातल्या त्या मुलींपैकीच एक. मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती, रात्ररात्र ताऱ्यांची निरीक्षणं करायची. १९४१च्या ऑक्टोबरमध्ये मारिना रास्कोवाच्या आग्रहामुळे सोव्हिएत हवाई दलात बायकांच्या तीन रेजिमेंट उभ्या राहिल्या. १९३८मध्ये पूर्वेकडच्या लांबच्या उड्डाणात पॅराशूटने उडी मारून रास्कोवा दहा दिवस जंगलात एकटी भटकली होती, तेव्हापासून घराघरात तिचं नाव झालेलं. झेन्या आपलं शिक्षण अर्धवट टाकून तिच्याकडे गेली आणि व्होल्गाकाठच्या एंगेल्सला नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारी, झाली. आकाश तिला आधीच पाठ होतं!

तिच्या वाट्याला आली ५८८वी रेजिमेंट, रात्री बॉम्ब टाकणारी. वैमानिकच काय, मेकॅनिक आणि बॉम्ब लावणाऱ्यासुद्धा सगळ्या मुलीच. विमान म्हणजे पो-२. मुळात शिकाऊंसाठी बनवलेलं, दोन पंखी, लाकडाच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, जास्तीत जास्त वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. वर छप्पर नाही. पुढे वैमानिक, मागे नेव्हिगेटर, आणि रशियातला हिवाळा थेट तोंडावर. पॅराशूटही १९४४पर्यंत घेत नसत. त्या वजनात बॉम्ब जास्त मावायचे.

लक्ष्य जवळ आलं की इंजिन अगदी मंद करायचं आणि घसरत खाली यायचं. खाली जर्मनांना फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू यायची. म्हणून ते यांना "रात्रीच्या चेटकिणी" म्हणायचे. मनू, मी कितीदा तरी डोळे मिटून ते क्षण कल्पून पाहिलेत. इंजिन गप्प, तारांमधून वारा शिट्या घालतोय, मागे बसलेली मुलगी अंधारात खाली वाकून बघतेय. मग बॉम्ब सुटतात, सर्चलाइट पेटतात आणि कापडाचं ते विमान उजेडात पांढरंफटक दिसतं.

एक खेप झाली की परत, बॉम्ब भरायचे आणि पुन्हा वर. लांब रात्रींत अशा दहा-बारा खेपा, कधी त्याहून जास्त. येताना दोघी पाळीपाळीने डुलकी घ्यायच्या. पण माझा जीव खरा अडकतो तो जमिनीवरच्या मुलींत. थंडीत हातमोजे काढून बॉम्बचे फ्यूज बसवायचे, कारण मोजे घालून बोटं चालत नाहीत. आणि ते बॉम्ब हातांनी उचलायचे, रात्रभर. कमांडर बर्शान्स्कायाने एका विमानाला एक मेकॅनिक हा नियम मोडून गट पाडले. एक गट पेट्रोलचा, एक बॉम्बचा. काही मिनिटांत विमान तयार! पराक्रम म्हटलं की आपण वर बघतो, पण निम्मा पराक्रम तिथे चिखलात उभा होता.

आता भीतीचं. झेन्याची जिवाभावाची मैत्रीण होती गाल्या दोकुतोविच, तीही नेव्हिगेटर. १९४२मध्ये दोन खेपांच्या मध्ये ती गवतात झोपली असताना अंधारात एक गाडी तिच्या अंगावरून गेली. पाठीचा कणा दुखावला. इस्पितळातून सुटल्यावर विश्रांती घ्यायची सोडून ती रेजिमेंटमध्ये परतली आणि तशीच दुखऱ्या पाठीने उडू लागली. मग १९४३मध्ये ३१ जुलैची रात्र उजाडली, कुबानच्या आघाडीवरची. सर्चलाइट लागले, पण विमानविरोधी तोफा गप्प. मुलींना काही कळेना. वर जर्मन लढाऊ विमान टपून होतं. मागून येणाऱ्या मुलींना पुढची विमानं एकामागून एक पेटताना दिसत होती. त्या रात्री चार विमानं गेली, आठ मुली गेल्या. गाल्या त्यांतच होती.

भीती वाटत नव्हती असं मला मुळीच वाटत नाही, मनू. पण झेन्या नंतरही उडत राहिली. सगळ्या रेजिमेंटची मुख्य नेव्हिगेटर म्हणून तिने एकटीने मागे राहायचं म्हटलं असतं तर चालून गेलं असतं, पण नवी वैमानिक आली की ही तिच्यासोबत जायची. खेपांच्या मधल्या वेळात ती मुलींना गोष्टी सांगायची. १९४४च्या ९ एप्रिलला केर्चजवळ, आपल्या ६४५व्या खेपेला तिचं विमान पेटून पडलं. सोबत नवी मुलगीच होती. झेन्या तेविशीची होती.

युद्ध संपेस्तोवर रेजिमेंटने तेवीस हजारांवर खेपा केल्या. पुढे एका लघुग्रहाला तिचं नाव दिलं, रुदनेवा. तारे बघणाऱ्या मुलीचं नाव आता वरच फिरतंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

लेकीला "जाऊ नको" म्हण किंवा "जा" म्हण, असं मी सांगणार नाही, तो हक्क तुझा. २०२२पासून खडकवासल्याच्या त्या लष्करी प्रबोधिनीत, एनडीएत, मुली जातात, २०२५च्या मे महिन्यात त्यांतल्या १७ जणी पहिल्यांदा पास होऊन बाहेर पडल्या, हे तिला माझ्याआधी ठाऊक असेल. पण तिच्याशी बोलताना गप्प बसू नकोस गं. तुला वाटणारी भीती तिला सांग, आणि तिची ऐकून घे.

शनिवारी दुपारी येते. तुझ्या हातची थालीपीठं कर. झेन्या अंधारात कोणत्या ताऱ्यावरून दिशा ओळखत असेल, ते लेकीला गच्चीत नेऊन दाखवीन. सप्तर्षीपासून सुरुवात करू.

तुझीच,
ताराबाई (तू ठेवलेलं नाव अजून लावते)