देणगी मागताना अवघडायचं कशाला?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा, दोन्ही वाचले. दृष्टिहीन मुलांसाठी ध्वनिपुस्तकं करायचं ठरवलंस, वाचणारी माणसं जमवलीस, ध्वनिमुद्रण करणाराही गाठलास आणि गाडं अडलं ते पैसे मागण्यापाशी. ‘मला नाही रे जमत कुणापुढे हात पसरायला’ म्हणतोस.

आता तुझाच मसुदा वाच. ‘आपण कामात असाल, त्रास देतोय, क्षमा असावी. एक छोटीशी विनंती होती. जमलं तर, आणि आपली इच्छा असेल तरच, फूल ना फुलाची पाकळी... नाही जमलं तरी अजिबात हरकत नाही.’ पुस्तकं कोणती, मुलं किती, पैसे किती लागणार, कधीपर्यंत, पाठवायचे कुठे? यातलं एक अक्षर नाही. कळतं ते एवढंच, की लिहिणारा अवघडलाय. मग वाचणाराही अवघडतो. किती द्यावेत याचा अंदाजही त्यानेच बांधायचा: कमी दिले तर कद्रू दिसू, जास्त दिले तर पुढच्या खेपेला अंगाशी येईल. असा माणूस ‘बघतो’ म्हणतो आणि विसरून जातो. तू याला विनय म्हणतोस. मला तर ते आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं वाटतं.

शिवाय लोक नाहीच म्हणणार हे तू आधीच धरून चालला आहेस. फ्लिन आणि लेक या अमेरिकन संशोधकांनी २००८ साली याच धास्तीवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी लोकांना गाठून पाच जणांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. निघण्याआधी मंडळींचा अंदाज असा, की त्यासाठी वीसेक जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. मागणाऱ्याला समोरच्याची गैरसोय तेवढी दिसते. तोंडावर नाही म्हणणं माणसाला किती जड जातं, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पण यातच एक गोम आहे बरं का. नाही म्हणवत नाही म्हणून दिलेले पैसे एकदाच मिळतात. बॉस्टनमध्ये एका दुकानाच्या दोन दारांशी मदतपेटी आणि घंटा घेऊन स्वयंसेवक उभे करून आंद्रेओनी या अर्थशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मागण्यापुढे लोक कसे वागतात हे तपासलं; २०१७ साली ते छापून आलं. नुसती घंटा वाजवण्याऐवजी ‘कृपया द्या’ असं नजरेला नजर देऊन म्हटलं, की देणारे आणि रक्कम दोन्ही चांगलेच वाढत. मात्र एकाच दारी असं मागणारा असला, की बरेच लोक वळसा घालून दुसऱ्या दाराने ये-जा करत! आपल्याला लोकांनी रस्ता बदलायला नकोय. म्हणून भीड घालू नकोस. नकार खरोखर चालणार असेल, तरच तू मोकळेपणाने मागू शकशील.

तर मागायचं कसं? आधी स्वतःचे पैसे घाल. कितीही असोत, त्याशिवाय आवाजाला वजन येत नाही. मग एका पुस्तकाचा पूर्ण खर्च काढ आणि ओळखीच्या माणसाला सरळ सांग, ‘एका पुस्तकाला इतका खर्च येतो, तो तू उचलशील का?’ एवढं बोलून गप्प बस. हे गप्प बसणंच सगळ्यात कठीण. दोन क्षण शांतता पडली, की आपणच घाबरून ‘अर्धे दिलेस तरी चालेल’ म्हणतो. समोरचा बिचारा अजून विचारच करत असतो.

तुझ्या त्या पाकळीलाही जागा आहे म्हणा. चाल्डिनी आणि श्रोडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवलं, की दारोदार निधी मागताना ‘अगदी एक पेनी दिलीत तरी चालेल’ एवढं वाक्य जोडलं, तर देणारे लक्षणीय वाढतात. पण तो मामला परक्यांचा, उभ्याउभ्या मागण्याचा. तुझ्या कामाची कळकळ असलेल्या स्नेह्याशी तसं बोललास तर त्याची ऐपत आणि तुझं काम, दोन्ही लहान करशील.

कुणापासून सुरुवात करायची याबद्दल अठराव्या शतकातल्या अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने टेनंट नावाच्या धर्मोपदेशकाला दिलेला सल्ला मला फार आवडतो. टेनंटला प्रार्थनामंदिर बांधायचं होतं. फ्रँकलिन म्हणाला, जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा. मग ज्यांची खात्री नाही त्यांना देणाऱ्यांची यादी दाखव. आणि जे देणारच नाहीत असं वाटतं त्यांनाही वगळू नकोस, कारण त्यातल्या काहींबाबत तुझा अंदाज चुकेल. टेनंट हसला, पण तसाच वागला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त रक्कम घेऊन आला. तू मात्र यादीत नाव घालण्याआधी ज्याचं त्याला विचार. काहींना गाजावाजा आवडत नाही.

पावती त्याच दिवशी दे. पुस्तक तयार झालं, की त्याचा छोटा तुकडा देणाऱ्याला ऐकव, खर्चाचा हिशेबही पाठव. आणि त्या वेळी नवीन काही मागू नकोस, एवढं पथ्य पाळ. कुणी नाही म्हणालं तर ‘बरं, कळवलंस ते चांगलं केलंस’ म्हणून दुसऱ्या विषयावर ये. कारणं खोदत बसू नकोस.

मसुदा नव्याने लिही; क्षमा वगैरे सगळं काढून टाक. आणि रविवारी मला फोन करून माझ्याकडे माग. आकडा सांग, आणि मी बोलेपर्यंत थांब.

तुझा,
जुना मित्र