सुरू करायचा क्रमांक छापता, तर परतीची आज्ञाही छापा

संपादक महोदय,

विंडोज ११ मधली अमुक लपलेली सुविधा आजच सुरू करा, अशा अर्थाचा मजकूर मराठी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानांवर अधूनमधून येतो. त्यात एक आठ आकडी क्रमांक असतो, एक आज्ञा असते आणि शेवटी ‘संगणक रीस्टार्ट करा’ असे लिहिलेले असते. क्रमांक कोणत्या बिल्डसाठी, म्हणजे विंडोजच्या नेमक्या कोणत्या आवृत्ती-क्रमांकासाठी आहे आणि केलेला बदल मागे कसा घ्यायचा, हे मात्र बहुधा नसते. वाचक अडकतो तो नेमका इथेच.

मुळात या सुविधा कुठून येतात? मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या अपडेटमध्ये नव्या सुविधांचा कोड आधीच पाठवून ठेवते, पण तो बंद असतो. मग सर्व्हरवरून थोड्या थोड्या संगणकांवर तो चालू केला जातो. म्हणून एकाच बिल्डचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी एकावर नवा मेन्यू दिसतो आणि दुसऱ्यावर दिसत नाही. प्रत्येक सुविधेला एक क्रमांक असतो आणि ती चालू की बंद याची नोंद विंडोज स्वतःकडे ठेवते. ‘व्हिव्हटूल’ (ViVeTool) हे मुक्तस्रोत साधन ती नोंद बदलते. नवे काही बसवत नाही.

वापरायचेच असेल, तर ते गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील निर्मात्याच्या पानावरूनच घ्यावे. इंटेल-एएमडी आणि स्नॅपड्रॅगन अशा दोन वेगळ्या झिप फायली असतात, आपल्या प्रोसेसरची घ्यावी. झिप पूर्ण उलगडून, समजा सी ड्राइव्हवर, एका फोल्डरमध्ये ठेवावी. झिपच्या आतूनच प्रोग्राम चालवला तर सोबतच्या डीएलएल फायली त्याला सापडत नाहीत आणि तो उघडताक्षणी बंद पडतो. नंतर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘सीडी’ आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जावे. पुढची आज्ञा रोमन लिपीत अशी टाइप करायची: व्हिव्हटूल, जागा, स्लॅश एनेबल, जागा, स्लॅश आयडी, कोलन आणि त्याला चिकटून क्रमांक. तिच्याऐवजी पॉवरशेल ही आज्ञांची दुसरी खिडकी वापरत असाल तर सुरुवातीला टिंब आणि उलटा स्लॅश लागतो. मग रीस्टार्ट.

आज्ञा दिल्यावर यशस्वी झाल्याचा संदेश येतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. नोंद लिहिली गेली एवढाच त्या संदेशाचा अर्थ. तुमच्या बिल्डमध्ये त्या सुविधेचा कोडच नसेल, तरीही संदेश तोच येतो. फाइल एक्सप्लोररमधले टॅब घ्या. २०२२ मध्ये २२एच२ आवृत्तीवर ते ३७६३४३८५ या क्रमांकाने चालू करता येत होते. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरच्या अपडेटने, म्हणजे बिल्ड २२६२१.६७५ पासून, ते अधिकृतपणे आले आणि त्या क्रमांकाचे कामच संपले. काही सुविधांना एकाच वेळी तीन-चार क्रमांक लागतात. काहींना एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर, असलेला संगणक लागतो, तिथे क्रमांक कितीही वेळा टाकला तरी उपयोग नाही. म्हणून आधी विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘विनव्हर’ (winver) टाइप करावे, बिल्ड पाहावा आणि मगच पुढे जावे.

आता परतीची वाट. सुविधा आवडली नाही की लोक साहजिकच ‘डिसेबल’ देतात. ते चूक आहे. डिसेबल म्हणजे ‘ही सुविधा बंदच ठेव’ अशी तुमची पक्की नोंद. पुढे तीच सुविधा सुधारून सर्वांना दिली गेली, तरी तुमच्या संगणकावर ती येत नाही आणि कारण लक्षात येत नाही. योग्य आज्ञा ‘रीसेट’ ही आहे, कारण ती तुमची नोंदच पुसते आणि निर्णय पुन्हा विंडोजकडे जातो. कोणकोणते क्रमांक टाकले हे आठवत नसेल तर ‘फुलरीसेट’ सगळ्या नोंदी काढते. तरी क्रमांक, तारीख आणि बिल्ड वहीत लिहून ठेवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चाचणीत दोष आढळला तर मायक्रोसॉफ्ट ती सुविधा सर्व्हरवरून बंद करू शकते. पण व्हिव्हटूलने केलेली नोंद वापरकर्त्याची धरली जाते आणि तिचा अग्रक्रम सर्व्हरकडून आलेल्या नोंदीपेक्षा वरचा असतो. त्यामुळे इतरांची सुविधा बंद होते आणि तुमची, दोषासकट, चालूच राहते.

टास्कबार किंवा डेस्कटॉप दिसेनासा झाला तर घाबरून फॉरमॅट करू नये. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळांनी टास्क मॅनेजर उघडतो. ‘रन न्यू टास्क’मध्ये सीएमडी टाइप करून अॅडमिनिस्ट्रेटरच्या चौकटीत खूण करावी आणि तिथूनच रीसेट द्यावे. सुरुवातीलाच अडकणाऱ्या संगणकाला रिकव्हरीमधून सेफ मोडमध्ये न्यावे लागते. अशा वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सुविधेची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असते, मालकाला पत्ताही नसतो. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्यावी. नंतर बंद पडलेल्या यंत्रासमोर बसून ती शोधणे फार कठीण जाते.

जिथे लोकांची कामे अडतात, म्हणजे ई-सेवा केंद्र, शाळेचे कार्यालय, दवाखान्याची नोंदणी, तिथल्या संगणकांवर हे करूच नये. नवे लवकर हवे असेल, तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘उपलब्ध होताच नवीनतम अपडेट मिळवा’ असा पर्याय आहे. तो चालू केला की सुविधा इतरांच्या थोड्या आधी येतात आणि अग्रक्रमाचा हा गुंता होत नाही. त्याहून पुढचे पाहायचे असेल तर चाचणीच्या आवृत्त्या आधी देणारा मायक्रोसॉफ्टचा इनसायडर कार्यक्रम आहे, मात्र त्यासाठी वेगळा संगणक असावा.

संपादकांना आमची विनंती एवढीच आहे: क्रमांक छापाल तेव्हा त्याच्याच शेजारी बिल्ड क्रमांक आणि रीसेटची आज्ञा छापा. दोन ओळींची जागा लागेल.

आपले,
संगणक देखभालीचे काम करणारे काही वाचक